न दिसणाऱ्यांचे ऋण : योकाई, जपानी चित्रकथा आणि नोंदीचा प्रश्न

जे अस्तित्वात नाही त्याच्याविषयी माणसाचे काही कर्तव्य असू शकते काय, हा प्रश्न नीतिमीमांसेत सहसा थट्टेवारी नेला जातो. कर्तव्याला विषय लागतो, आणि विषय व्हायचे तर ती वस्तू आधी असावी लागते, असा त्यामागचा साधा तर्क आहे. मृतांविषयीची आणि अद्याप न जन्मलेल्यांविषयीची कर्तव्ये या तर्काला काहीशी अडचणीत आणतात. परंतु मृत एकेकाळी होते आणि पुढच्या पिढ्या केव्हातरी असणार आहेत, एवढ्या आधारावर ती अडचण निभावून नेता येते. भुताखेतांना हा आधारही नाही. ती नव्हती, नाहीत आणि असणार नाहीत, असे मानणाऱ्या वाचकालाही त्यांच्या काही कथा अस्वस्थ करून सोडतात, आणि ही अस्वस्थता भीतीची नसते. कोणाचे तरी देणे राहून गेले आहे, पण ते कोणाचे हे आठवू नये, तशी ती असते. जपानी मांगा (चित्रकथा) आणि ॲनिमे (चलच्चित्रकथा) या दोन लोकप्रिय माध्यमांनी १९६० नंतर भुताखेतांचा जो प्रचंड संसार उभा केला, त्यातील मोजक्या कृतींमध्ये या देण्याचा विचार गंभीरपणे झालेला आहे. समीक्षेने मात्र या कृतींची बोळवण बहुधा दोनच शब्दांत केली : एक तर 'पलायनवादी अद्भुत', नाहीतर 'जपानी सर्वात्मवादाचा आविष्कार'. पहिल्या शब्दाने त्या बाजारात जमा होतात, दुसऱ्याने राष्ट्रीय स्वभावाच्या वस्तुसंग्रहालयात; आणि त्यांतील नैतिक प्रश्न दोन्हीकडे सारखाच दुर्लक्षित राहतो.

प्रथम शब्दाविषयी. 'योकाई' ही संज्ञा ज्या दोन चिनी लिपिचिन्हांनी लिहिली जाते, त्या दोहोंचा अर्थ 'विलक्षण', 'गूढ' असाच आहे. मराठीत तिला नेमका प्रतिशब्द मिळत नाही. मुंजा, हडळ, समंध हे सगळे मेलेल्या माणसांचे अतृप्त अवशेष आहेत. जपानीत त्यांना जवळचा शब्द 'युरेई' हा होय. योकाई म्हणजे नदीतला काप्पा, शंभर वर्षे वापरून फेकून दिल्यावर जिवंत झालेली छत्री, रात्रीच्या वाटेवर आडवी येणारी भिंत. स्थळाशी बांधलेले असणे हा गुण पाहिला तर कोकणातला राखणदार किंवा गोव्यातला देवचार त्यांना अधिक जवळचा वाटेल. पण राखणदाराला गावात मान असतो, वर्षाची ठरलेली राखण असते. योकाईला बहुधा असे काहीच नसते. बौद्ध धर्माच्या मार्गाने संस्कृतातले प्रेत, यक्ष आणि राक्षस हे 'गाकी', 'याशा' आणि 'रासेत्सु' होऊन जपानात पोहोचले, हे खरे. तथापि योकाईंची मोठी जमात या प्रवाशांची नाही, ती तिथल्याच मातीतली आहे. संस्कृत 'भूत' या शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'जे झालेले आहे ते' एवढाच होता, ही गोष्ट मात्र येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याच्या असण्याविषयी शंका घ्यायची त्यालाच भाषेने 'झालेला' म्हणावे, हा निव्वळ योगायोग मानला तरी तो उद्बोधक योगायोग आहे.

'योकाई' हा शब्द आधुनिक अर्थाने रूढ करण्याचे श्रेय, किंवा दोष, इनोउए एन्र्यो (१८५८–१९१९) या तत्त्वचिंतकाकडे जातो. बौद्ध पुरोहिताच्या घरात जन्मलेल्या, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेल्या आणि १८८७ मध्ये पुढे तोयो विद्यापीठ बनलेली संस्था स्थापन करणाऱ्या या माणसाने 'योकाईशास्त्र' नावाची विद्याशाखाच उभारली. तिचा हेतू योकाईंचे उच्चाटन हा होता. १८८० च्या दशकात जपानात 'कोक्कुरी' नावाचे एक वेड पसरले होते : तीन बांबूंवर ठेवलेल्या झाकणावर हात टेकायचे, आत्म्याला बोलवायचे आणि झाकण हलले की उत्तर मिळाले असे समजायचे. एन्र्यो यांनी त्याचा माग काढला, तो अमेरिकी खलाशांनी शिमोदा बंदरात आणलेल्या खेळापर्यंत नेऊन भिडवला, आणि झाकण हलते ते बसलेल्यांच्या स्नायूंच्या अजाणत्या हालचालीने, असे दाखवून दिले. हे काम लहान नव्हते. १९८९ मध्ये संघटित रूप घेतलेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने ज्या वाचकाचे मन घडवले आहे, त्या मराठी वाचकाला एन्र्यो हे घरचेच वाटतील. आणि योकाईंविषयी ऋणाची भाषा केली की भोंदूंना दार उघडे होते, अशी शंकाही तोच प्रथम घेईल. ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की येथे ज्या कृतींचा विचार करावयाचा आहे, त्यांपैकी एकीतही योकाईवर विश्वास ठेवा अशी मागणी नाही. एन्र्यो यांचा प्रश्न 'आहे की नाही' हा होता आणि त्याचे त्यांनी दिलेले उत्तर बहुतांशी बरोबर आहे. पण 'नाही' हे उत्तर आल्यानंतर प्रकरण मिटते काय? ज्यांनी ते पाहिले म्हणून सांगितले, त्यांना काय झाले होते, आणि त्यांच्या ऐवजी बोलण्याची वेळ भुतावर का आली, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

यानागिता कुनिओ यांची दिशा नेमकी ही होती. शासकीय सेवेतल्या या अधिकाऱ्याने १९१० मध्ये 'तोनो मोनोगातारी' हे पुस्तक काढले. ३५० प्रती, ११९ छोट्या नोंदी, सांगणारा तोनो या डोंगराळ मुलुखातला सासाकी किझेन. त्यात 'झाशिकी-वाराशी'ची म्हणजे आतल्या खोलीतल्या मुलाची एक गोष्ट येते. हे मूल ज्या घरात असते त्या घराची भरभराट होते. यामागुची मागोझाएमोन नावाच्या सधन शेतकऱ्याच्या घरी अशा दोन मुली असल्याची वदंता होती. एकदा गावातल्या एका माणसाला पुलाजवळ दोन अनोळखी मुली भेटल्या. कुठून आलात, तर मागोझाएमोनच्या घरून. कुठे चाललात, तर दुसऱ्या गावातल्या अमक्याच्या घरी. त्याला कळून चुकले की त्या घराचे दिवस भरले. पुढे थोड्याच काळात त्या घरातली वीसहून अधिक माणसे विषारी अळंबी खाऊन एका दिवसात मेली. बाहेर खेळायला गेलेली सात वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. यानागिता यांनी या हकिकतीवर भाष्य केलेले नाही. साहित्यदृष्ट्या तिचे बळ त्या अभाष्यात आहे, असे म्हणावे लागेल.

भाष्य पुढच्या अभ्यासकांनी केले, आणि ते काळजाला घरे पाडणारे आहे. ईशान्य जपानचा हा भाग दुष्काळांचा. तिथे नवजात अर्भकाला जगू न देण्याची चाल होती आणि तिला शब्द होता 'माबिकी', म्हणजे शेतातली विरळणी. दाट उगवलेल्या रोपांतून काही उपटून टाकायची, म्हणजे उरलेली जोमाने वाढतात. अशा अर्भकांना स्मशान मिळत नसे. ती घरातच, जमिनीखाली पुरली जात. आतल्या खोलीतले मूल म्हणजे तीच मुले, असा एक तर्क मांडला गेला आहे. सर्व झाशिकी-वाराशींना तो लागू पडेल असे नाही. लोकसमजुती एका कारणातून निघत नाहीत. परंतु तो अंशतः खरा धरला तरी गोष्टीचा अर्थ पालटतो. घराची भरभराट ज्या मुलामुळे होते असे म्हटले जाते, ती भरभराट त्या मुलाला न जगवल्यामुळेच शक्य झालेली होती. समजूत खोटी, हिशेब मात्र खरा. ज्यांचे नाव कोणत्याही वहीत चढले नाही, त्यांची तेवढी एक नोंद त्या घराने भुताच्या रूपाने ठेवली होती.

नाकामुरा केंजी यांच्या दिग्दर्शनाखाली २००७ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या 'मोनोनोके' या बारा भागांच्या मालिकेची पहिली कथा या तर्काचे सरळ कथात्म रूप आहे. पावसाच्या रात्री शिनो नावाची एक गरोदर स्त्री एका आलिशान खानावळीत आसरा मागते. तिला वरची, कधीच न वापरली जाणारी खोली मिळते. खानावळ पूर्वी कुंटणखाना होता, आणि तिथल्या स्त्रियांना ज्यांना जन्म देऊ दिला गेला नाही ती मुले त्या खोलीत आहेत. मालिकेचा नायक एक औषधविक्या आहे. त्याच्याजवळ भूत मारणारी तलवार आहे, पण ती म्यानातून निघत नाही. तिची अट अशी की भुताचा आकार, त्याचे सत्य आणि त्याचे कारण या तिन्ही गोष्टी उघड झाल्या पाहिजेत. आकार म्हणजे ते कसे दिसते. सत्य म्हणजे काय घडले. आणि कारण म्हणजे ते कशासाठी आले आहे. ॲनिमेसारख्या माध्यमात ही अट कथानकाची युक्ती म्हणून खपून जाते, आणि पुष्कळ प्रेक्षक तिला तेवढेच समजतात. प्रत्यक्षात तिने रहस्यकथेच्या चौकटीत सुनावणी आणून बसवली आहे. एन्र्यो यांचीही चौकशीच होती. पण तिथे कारण सापडले की भूत रद्द होत असे. येथे कारण सापडेपर्यंत त्याला हातच लावता येत नाही, आणि सापडले की अपराधी भलताच निघतो. अखेर तलवार चालते, हे खरे. मात्र ती चालण्याआधी त्या घरात काय घडले होते हे मालकिणीला सर्वांसमक्ष ऐकावे लागलेले असते.

नोंदीचा दुसरा पैलू मिदोरिकावा युकी यांच्या 'नात्सुमे युजिन्चो' या २००३ पासून प्रसिद्ध होत असलेल्या चित्रकथेत आहे. तिचे ॲनिमे-रूपांतर २००८ मध्ये सुरू झाले. नात्सुमे ताकाशी या पोरक्या मुलाला योकाई दिसतात आणि त्यापायी तो एका नातलगाच्या घरून दुसऱ्याच्या घरी असा टोलवला गेलेला आहे. त्याच्या आजीने, रेइकोने, आपल्या तरुणपणी योकाईंना पैजेत हरवून त्यांची नावे एका वहीत लिहवून घेतली होती. ज्याच्या हाती वही त्याची हुकमत. नातू ती वही वापरत नाही. एकेक पान फाडून ज्याचे त्याचे नाव परत करतो. रचना पाहिली तर मालिका अत्यंत सैल आहे, बरेच भाग एकमेकांसारखे आहेत, आणि हळवेपणा काही ठिकाणी मर्यादेबाहेर जातो. पण तिची मूळ कल्पना मोलाची आहे. नोंद करणे म्हणजे जपणे, असे लोकसाहित्याचा प्रत्येक संकलक मानत आला. तोरियामा सेकिएन यांनी १७७६ मध्ये योकाईंचा पहिला छापील चित्रसंग्रह काढला आणि पुढच्या पुस्तकांत कित्येक योकाई स्वतःच रचून त्यात घुसवले. तेही आज परंपरेचे म्हणून गणले जातात. वहीत चढलेला योकाई टिकतो, पण ज्याने लिहिला त्याचा होऊन टिकतो. हे दुखणे संकलकांच्या ध्यानात क्वचितच आले. एका लोकप्रिय किशोरी-मासिकाच्या लेखिकेच्या ते आले.

या मालिकेतली दवदेवाची कथा स्वतंत्र विचाराला पात्र आहे. एका वाटेकडेच्या लहानग्या देवळीत राहणारा हा देव मूळचा देव नाहीच. तो एक भटका योकाई. आडोसा म्हणून त्या देवळीत येऊन राहिला. कोणी तरी तिथे पावसासाठी प्रार्थना केली, योगायोगाने पाऊस पडला, आणि गावाने त्याला देव केले. भक्त वाढले तसा तो मोठा झाला. भक्त सरले तसा आकसत अंगठ्याएवढा उरला. आता हाना नावाची एक म्हातारी तेवढी फळ ठेवायला येते. ती मरते, त्याच घडीला तोही विरू लागतो. नात्सुमे म्हणतो, मी तुझा भक्त होतो. देव नकार देतो. तू माझा मित्र आहेस, असे म्हणतो आणि नाहीसा होतो.

या नकाराचा अर्थ काय? ज्याचे अस्तित्व दुसऱ्याच्या श्रद्धेवर सर्वस्वी अवलंबून आहे, त्याने जगण्यासाठी देऊ केलेली श्रद्धा का नाकारावी? एक उत्तर असे की ती श्रद्धा नव्हतीच. ती दया होती, आणि दयेने देव जगत नाही. पण त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. हानाचे येणे देवाला जगवण्यासाठी नव्हते. आपण कोणाला जगवतो आहोत हे तिला माहीतही नव्हते. नात्सुमेला सगळे माहीत आहे, आणि म्हणूनच त्याची भक्ती वहीतल्या नावासारखी झाली असती. देव त्याच्यावर आणि तो देवावर, असे दोघे एकमेकांवर बांधले गेले असते. संस्कृती जतन करण्याच्या आजच्या आग्रहाला हा नकार फार अडचणीचा आहे. परंपरा मरू नये म्हणून तिच्यावर विश्वास ठेवण्याचा जो एक शहाणा पवित्रा सुशिक्षितांत आढळतो, तो येथे एका अंगठ्याएवढ्या देवाकडून विनम्रपणे परत पाठवला गेला आहे.

उरुशिबारा युकी यांची 'मुशिशी' (१९९९–२००८) ही चित्रकथा या हळवेपणावरचा उतारा म्हणून वाचावी. तिच्यातल्या 'मुशी' माणसाच्या श्रद्धेवर जगत नाहीत, माणसाशी त्यांना घेणेदेणे नाही, त्यांच्यात सूड नाही की उपकार नाही. त्या जीवनाचे मूलभूत, बहुतेकांना न दिसणारे रूप आहेत. गिन्को हा भटका वैद्य त्यांच्यामुळे पीडलेल्यांवर उपचार करतो आणि मुशींना दोष देत नाही. ऋणाची सगळी भाषाच माणसाला केंद्रस्थानी ठेवते, असा आक्षेप या कृतीच्या बळावर घेता येईल, आणि तो पूर्णपणे खोडता येणार नाही. मात्र गिन्कोला सुद्धा प्रत्येक गावात एकच काम करावे लागते : ज्याला दिसते त्याचे ऐकून घेणे, कारण ज्यांना दिसत नाही त्यांनी त्याला तोवर वेडा ठरवलेले असते.

या साऱ्या प्रश्नाला इतिहासाचे वजन येते ते मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) यांच्यापाशी. साकाइमिनातो या बंदराच्या गावी त्यांचे बालपण गेले. घरी येणाऱ्या 'नोनोन्बा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका गरीब म्हातारीने त्यांना योकाईंची ओळख करून दिली. १९४३ मध्ये ते सैन्यात ओढले गेले आणि न्यू ब्रिटन बेटावर राबाऊलच्या आघाडीला पाठवले गेले. पुढच्या ठाण्यावरची त्यांची तुकडी शत्रूच्या हल्ल्यात कापली गेली; ते पहाऱ्यावर असल्यामुळे एकटे वाचले आणि जंगलातून दिवसरात्र धडपडत परतले. स्वागत झाले ते झाडाझडतीने : बाकीचे मेले असता तू जिवंत कसा? पुढे हिवतापाने पडलेले असताना बॉम्बहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. त्या पळापळीतल्या एका रात्री आपल्यापुढे काहीतरी आडवे आले, ढकलले तरी हलेना, असे ते सांगत. पुढे यानागिता यांनी केलेल्या योकाईंच्या शब्दसंग्रहात त्यांना 'नुरिकाबे' ही नोंद सापडली : उत्तर क्यूशूच्या किनारपट्टीवर रात्री चालताना समोर अकस्मात भिंत येते, तिच्या वरच्या बाजूला काठी मारून उपयोग नाही, बुडाशी मारली तर ती नाहीशी होते.

मराठीत 'चकवा लागणे' म्हणतात तो अनुभव याच्या शेजारचा आहे. रात्रीच्या वाटेवर माणूस त्याच जागी फिरत राहतो; चकव्याला रूप नसते, नाव तेवढे असते. नुरिकाबेलाही यानागिता यांच्या नोंदीत रूप नव्हते. मिझुकी यांनी ते दिले : डोळे, हात आणि पाय असलेला एक भला थोरला ठोकळा; आणि १९६५ पासून 'कितारो'च्या चित्रकथांतून व १९६८ पासून ॲनिमेतून तो घराघरांत पोहोचला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहातल्या १८०२ च्या चित्रगुंडाळीवर 'नुरिकाबे' असे नाव लिहिलेला तीन डोळ्यांचा एक पशू आढळला. क्यूशूची भिंत आणि हा पशू एकच की निव्वळ नावसारखे, याविषयी मतभेद आहेत. त्याने मिझुकी यांच्या ठोकळ्याला मात्र काहीच धक्का लागला नाही. थकलेल्या, घाबरलेल्या, एकट्या माणसाची वाट बंद होण्याचा तो अनुभव होता, आणि त्या अनुभवाला साक्षीदार नव्हता. सैन्याच्या कागदांत त्याला जागा असणे शक्यच नव्हते.

कागदांत काय होते, हे त्यांनी १९७३ च्या 'सोइन ग्योकुसाइ सेयो!' या चित्रकथेत सांगितले. 'ग्योकुसाइ' म्हणजे रत्नासारखे फुटून जाणे; युद्धकाळात हा शब्द सामूहिक मरणाला दिला गेला होता. या कथेत एकही योकाई नाही. न्यू ब्रिटनवरच्या एका तुकडीला अखेरच्या हल्ल्याचा हुकूम मिळतो. तुकडीने वीरमरण पत्करल्याची वार्ता मुख्यालयाला जाते. आणि मग कळते की काही जण जिवंत आहेत. झालेली नोंद खोटी ठरता कामा नये म्हणून त्यांनी पुन्हा जाऊन मरायचे असते. योकाई नोंदीबाहेर असून वावरतो. येथे हाडामांसाची माणसे वावरत असून नोंदीप्रमाणे मेलेली आहेत, आणि वास्तवाने नोंदीच्या मागे यावे असा हुकूम आहे. मिझुकी यांचे योकाई आणि त्यांच्या युद्धकथा हे त्यांच्या लेखनाचे दोन वेगळे कप्पे समजले जातात. ते तसे नाहीत. नोंदीने ज्यांना मारले आणि नोंदीने ज्यांना जागाच दिली नाही, अशा दोन प्रकारच्या माणसांची ती एकच कैफियत आहे.

योकाई हा जपानी सर्वात्मवादाचा आविष्कार, या सूत्राची खरी परीक्षा येथे होते. कारण आत्म्यांची नोंद ठेवणारी एक मोठी संस्था आधुनिक जपानात आहेच. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या यासुकुनी मंदिरात युद्धात पडलेल्या सुमारे २४ लाख ६६ हजार जणांची नावे देवत्वाला चढवलेली आहेत. त्यांत जपानी सत्तेखाली लढायला लावलेले कोरियन आणि तैवानीही आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या, तसेच काही जपानी मृतांच्या वारसांनी आपल्या माणसाचे नाव काढून टाका अशी मागणी केली. मंदिराचे म्हणणे असे की एकदा सामावलेला आत्मा वेगळा काढता येत नाही. न्यायालयांनीही या मागण्या मान्य केलेल्या नाहीत. नात्सुमेच्या वहीची कथा वाचताना हे आठवू नये, असे होत नाही. मिदोरिकावा यांच्या मनात असा रोख होता असे मानण्याचे कारण नाही, आणि तो त्यांच्यावर लादणे हा समीक्षेचा अतिरेक होईल. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. न दिसणाऱ्यांविषयीचा आदर ही एकसंध राष्ट्रीय वृत्ती नाही. नाव ठेवून घेणे आणि नाव परत करणे अशा परस्परविरोधी दोन वृत्ती एकाच समाजात, एकाच आत्मकल्पनेच्या आधाराने नांदू शकतात. आणि त्यांतली कोणती निवडायची हा श्रद्धेचा प्रश्न नाही, नीतीचा आहे.

आता बाजाराविषयी. साकाइमिनातोमध्ये १९९३ साली मिझुकी यांच्या नावाचा रस्ता झाला तेव्हा त्यावर योकाईंचे २३ कांस्यपुतळे होते. पुढे ही संख्या १७७ वर गेली. उतरती कळा लागलेल्या बंदराला त्यांनी पर्यटक मिळवून दिले, म्हणजे झाशिकी-वाराशीने घराला द्यावी तशी बरकत दिली. तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. १८४६ मध्ये हिगो प्रांताच्या समुद्रातून एक चमकणारा प्राणी वर आला, आपले नाव आमाबिए असल्याचे त्याने एका अधिकाऱ्याला सांगितले, सहा वर्षे पीक चांगले येईल, पण साथही पसरेल, तेव्हा माझे चित्र काढून लोकांना दाखवा, असे म्हणून तो परत गेला, अशी बातमी देणारे एकच छापील पत्रक उपलब्ध आहे. नावसुद्धा बहुधा उतरवून घेताना चुकलेले. मूळ 'आमाबिको' असावे, असे अभ्यासक म्हणतात. या चुकीच्या नावाच्या, एकाच कागदावर जगलेल्या प्राण्याची चित्रे २०२० च्या महामारीत लाखो हातांनी काढली आणि जपानच्या आरोग्य मंत्रालयाने त्याला आपल्या भित्तिपत्रकावर घेतले. ती चित्रे काढणाऱ्यांपैकी त्याच्यावर विश्वास किती जणांचा होता? बहुधा फारच थोड्यांचा. घरात कोंडलेल्या माणसांना एकमेकांसाठी काहीतरी करायचे होते आणि करण्याजोगे हातात काही नव्हते, तेव्हा ते चित्र उपयोगी पडले. मंत्रालयाचे भित्तिपत्रक ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे आमाबिए कर्मचारी झाला.

या फरकाचे सर्वांत कठोर चित्रण ताकाहाता इसाओ यांच्या 'पोम पोको' (१९९४) या चित्रपटात आहे. तोकियोलगतच्या तामा टेकड्या सपाट करून तिथे नवे नगर वसवले जात असताना, रूप पालटण्याची विद्या जाणणारे तानुकी आपले रान वाचवण्यासाठी लढतात. त्यांचा मोठा डाव म्हणजे रात्रीच्या वेळी वसाहतीच्या रस्त्यांतून काढलेली योकाईंची मिरवणूक. परंपरेने साठवलेले सगळे भय त्यांनी त्यात ओतलेले असते. एक वृद्ध गुरू त्या श्रमाने मरतो. माणसे मात्र सज्जांत उभी राहून मजा पाहतात. दुसऱ्या दिवशी एका करमणूक-उद्यानाचा मालक जाहीर करतो की ती आपली जाहिरात होती, आणि सर्वांना ते लगेच पटते. ताकाहाता यांनी हा प्रसंग स्वतःच्या माध्यमावरच उगारलेला आहे, कारण ती मिरवणूक ॲनिमेच्या साऱ्या वैभवाने रंगवलेली आहे आणि प्रेक्षकही तोवर सज्जात उभा राहून मजाच पाहत असतो. योकाईला निरुपद्रवी करून सांभाळणे हे लोकप्रिय कलेचे यश मानायचे की तिचा करमणूक-उद्यानाशी झालेला तह, याचा निकाल चित्रपट देत नाही.

शेवटी हरलेले तानुकी माणसांची रूपे घेतात, नोकऱ्या धरतात, गर्दीच्या गाड्यांतून ये-जा करतात. ज्यांना रूप पालटता येत नाही ते उरल्यासुरल्या झुडपांत, रस्त्यांच्या कडेला जगतात. त्यांच्यापैकी पोन्किची हा अगदी साधा, विद्या न येणारा तानुकी थेट प्रेक्षकाकडे वळून एक विनंती करतो. दूरचित्रवाणीवर नेहमी सांगतात की रान तोडले आणि कोल्हे, तानुकी नाहीसे झाले. जपानीत या क्रियापदाचा शब्दशः अर्थ स्वतःचे रूप पुसून टाकणे असा होतो. तसे बोलणे आता थांबवता येईल का, असे तो विचारतो. आमच्यातल्या काहींना रूप पुसता येते, हे खरे. पण सशांचे काय, मुंगसांसारख्या त्या इताचींचे काय? त्यांना कुठे ती विद्या येते? ते आपण होऊन नाहीसे झाले काय?